सोमवारी सांगते म्हटलं होतं, ताई

ताई, मी तुमच्यावर रागावली आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

शनिवारी शेवटच्या तासाले डिंपलनं तुमाले एक प्रश्न विचारला. आठवी ब मधली पोट्टी, खिडकीकडच्या रांगेत बसते, वडील भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर आहेत. आपण दोघी त्या दिवशी वर्गात कोळसा शिकवून राहिलो होतो. तो जमिनीत कसा झाला, भट्टीत जाऊन काय करतो, त्याचा वायू हवेत जाऊन काय करतो, आणि ऊन असं कावून वाढून राहिलं. डिंपल उभी राहिली आणि म्हणाली, "मैडम, तो मेरे पापा गलत काम करते हैं क्या?" मले नाही विचारलं. तुमच्याकडं पाहून विचारलं. तुम्ही चष्मा काढला, पदरानं पुसला. तेवढ्यात घंटा झाली, आणि तुम्ही म्हटलं, सोमवारी सांगते बेटा, नीट सांगते.

रविवारी सकाळी हुडको कॉलनीतल्या घरी चहाचं आधण ठेवून तुम्ही खुर्चीवर बसलात, आणि तिथंच सगळं संपलं. डॉक्टर म्हणाला, त्यायले कळलंही नसेल. सगळे म्हणून राहिले, किती चांगलं मरण. असेल बाप्पा. पण एका पोरीले शब्द देऊन कोणी असं जाते का? पोट्ट्यायचा प्रश्न शिळा होऊ द्यायचा नाही, असं स्टाफरूममध्ये आमाले कोण सांगत होतं?

तुमच्या घरी त्या दिवशी मी भिंतीले टेकून बसली होती. तुमची लेक पल्लवी रायपूरहून आली. तिनं आधी स्वयंपाकघरात जाऊन ते चहाचं पातेलं घासलं, मग तुमच्याजवळ येऊन बसली. पांढऱ्या साड्या, बुद्धवंदना, मेणबत्त्या, तुमच्या गल्लीतल्या बायका. कोणी तुमच्या नोकरीचं सांगत होतं, कोणी किती पोरं तुमच्या हाताखालून गेली ते मोजत होतं. मले त्यातलं काही सांगायचं नव्हतं. मले फक्त असं वाटत होतं की तुमाले हलवून उठवावं आणि विचारावं, डिंपलले काय सांगणार होत्या तुम्ही?

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी प्रिन्सिपल सरांनी श्रद्धांजलीचं भाषण केलं. अपूरणीय क्षति, कर्तव्यनिष्ठ, मिलनसार. मिलनसारवर मी मान खाली घातली. तुम्ही आणि मिलनसार! अख्ख्या स्टाफसोबत तुमचं एकदा तरी वाजलं होतं, आणि माझ्यासोबत तर रोजच. तुम्ही शेजारी असत्या तर मले कोपर मारलं असतं. मले तिथं रडू आलं नाही. रडू आलं ते बुधवारी, बाजारात, शेवग्याच्या, आपल्या मुनग्याच्या शेंगा पाहून. भाजीवाली म्हणाली, तुमच्या संगवाल्या मॅडमसाठी ठेवल्या आहेत कोवळ्या कोवळ्या. मी सगळ्या घेतल्या. आमच्या घरी मुनगा कोणी खात नाही.

आपली गाठ पडली ती टाइमटेबलच्या गोंधळात. तुमाले आठवतेच. एकाच तासाले आठवी ब मध्ये इतिहासही लावला होता आणि विज्ञानही. आपण दोघी दारात उभ्या. तुमच्या हातात गुंडाळलेला नकाशा, माझ्या हातात बीकर आणि थर्मामीटर. मी नवीन होती, तुम्ही मोठ्या, तरी मी हटली नाही. माझा धडा मागं पडला होता. तुम्ही एकदा मले खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हटलं, "शिकव वं. मी मागं बसते. काही विचारायचं असलं तर हात वर करीन." मले वाटलं थट्टा आहे. पण तुम्ही खरंच शेवटच्या बेंचवर, दोन पोरायच्या मध्ये, गुडघे कसेबसे आत घालून बसलात.

मी शिकवत होती की माती लवकर तापते आणि पाणी उशिरा. तुम्ही हात वर केला. मैडम, तो फिर पुराने लोग गर्मी में क्या करते थे? मले असा संताप आला! परीक्षेत हे येत नाही, असं मी तोंडावर म्हणणार होती. पण मागून पोट्टे बोलायले लागले. कोणाच्या आजीच्या घरी जाड मातीच्या भिंती होत्या, कोणाच्या गावी दुपारी सगळे तलावाच्या पाळीवर झाडाखाली जाऊन पडत. मी थर्मामीटर खाली ठेवला. तो तास संपला तेव्हा माझा धडा अर्धाच झाला होता, आणि जो झाला तो पहिल्यांदा पोरायले समजला होता.

मग तुम्हीच प्रिन्सिपल सरांकडं गेलात, दोघींले मिळून एक तास मागायले. शाळेत तेव्हा पर्यावरणाचे पोस्टर सुरू होते. प्रत्येक पोस्टरवर तीच पृथ्वी, तोंडात थर्मामीटर, डोळ्यांत पाणी. तुम्ही ते पोस्टर पाहून भडकल्या होत्या. "पृथ्वीले ताप आला म्हणे. कधीपासून आला, आधी तब्येत कशी होती, घरात काय बदललं, हे इचारल्याबिगर कोणता डॉक्टर गोळी देते?" सरांनी कसं काय मान्य केलं ठाऊक नाही. तुमच्या आवाजाले घाबरून केलं असेल. आठवड्यातून एक तास आपला झाला. तू सांग काय होऊन राहिलं, मी सांगते कधीपासून. एवढाच आपला अभ्यासक्रम. एक जण फळ्याजवळ, दुसरी शेवटच्या बेंचवर. मागचीनं हात वर केला की पुढचीनं थांबायचं आणि उत्तर द्यायचं, टाळायचं नाही.

वर्गात हिंदी, आणि भांडण पेटलं की मराठी. आपल्याले वाटायचं पोट्ट्यायले कळत नाही. अर्ध्या वर्गाच्या घरी मराठी बोलतात हे आपण दोघीही विसरत होतो. एकदा त्याच वर्गातल्या बोरकरच्या पोट्ट्यानं शाळा सुटताना मले विचारलं, मैडम, आज कोण जिंकलं?

आता त्या तलावाचं बोलते, कारण खरं भांडण तिथून सुरू झालं.

कुरुदच्या बाजूले, नव्या प्लॉटांच्या मध्ये अडकलेला जुना तलाव. आपण वर्ग घेऊन गेलो. मधोमध लाकडी खांब उभा, काळा पडलेला. मले वाटलं पाणी मोजायसाठी कोणी गाडला असेल. तुम्ही पोट्ट्यायले सांगितलं की हा लग्नाचा खांब आहे. छत्तीसगढात तलाव खोदला की त्याचं लग्न लावतात. हळद, मंडप, वऱ्हाड, सगळं. लग्न झाल्याबिगर त्याचं पाणी पूजेले चालत नाही. लग्नाची खूण म्हणून मधात हा खांब रोवतात. पोरी खुदुखुदु हसल्या. डिंपल म्हणाली, माझ्या नानीच्या गावच्या तलावाचंही लग्न झालं आहे, नानीनं जेवण केलं होतं त्या लग्नात. तिच्यासाठी ती काही नवलाची गोष्ट नव्हती.

मी मात्र तयारीनं आली होती. पिशवीत ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश. गावातल्या एका पोहणाऱ्या माणसाले बोलून ठेवलं होतं. खांबावर खालपासून वरपर्यंत रेघा आखायच्या, आकडे टाकायचे, मग महिन्याच्या महिन्याले पाणी किती ते पोट्टे लांबूनच वाचतील. मले लय भारी वाटत होतं माझं डोकं. तुम्ही डबा पाहिला आणि माझा हातच धरला.

"नवरदेवाच्या अंगावर नंबर टाकते का वं?"

मी म्हटलं, तुम्ही तर हे काही मानत नाही ताई. तुमच्या घरी देव नाही, देव्हारा नाही, आणि तुम्ही मले खांबासाठी अडवून राहिल्या? तुम्ही म्हटलं, मी नाही मानत, ते मानतात. गाव त्यायचं, खांब त्यायचा, आपण पाहुणे. पाहुण्यानं घरमालकाची भिंत रंगवू नये. भर तलावावर, पस्तीस चाळीस पोट्ट्यायसमोर, आपलं मराठीत जुंपलं. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून पाहायले लागल्या. शेवटी मी डबा पिशवीत टाकला, पण तोंड फुगवूनच.

मग तुम्हीच तोड काढली. घाटाच्या पायऱ्या होत्या, इथल्या बोलीत पचरी. पाणी कोणत्या पायरीवर आहे ते पाहा, म्हटलं तुम्ही, आणि या आजीबायायले विचारा की त्या लग्न होऊन इथं आल्या तेव्हा जेठाच्या उन्हाळ्यात पाणी कोणत्या पायरीवर राहत होतं. दोन म्हाताऱ्या होत्या. एकीनं एक पायरी दाखवली, दुसरीनं दुसरी, आणि दोघींचं असं भांडण लागलं की आपलं फिकं पडलं. मी म्हटलं, घ्या तुमचा इतिहास, दोघींचं जुळून नाही राहिलं. तुम्ही खुश. तुझ्या प्रयोगात तीनदा मोजलं तर तीनदा सारखंच येते का? नाही ना? मग तू काय करतेस? पुन्हा मोजतेस. आम्ही पुन्हा विचारतो. पण एका गोष्टीवर त्या दोघी म्हाताऱ्या एक होत्या, पाणी आता तेवढं राहत नाही. पोट्ट्यांनी ते मान खाली घालून लिहून घेतलं.

परत येताना बसमध्ये मी पुन्हा खुशीत आली. आमच्या घरी तलावाचा अभिमान फार, तुमाले ठाऊक आहे. भंडाऱ्याकडं आमच्या पणज्यानं तलाव बांधला, धानाले पाणी दिलं, हे ऐकतच मी मोठी झाली. बाबा इथं मरोद्याच्या प्लांट क्वार्टरमध्ये राहूनही त्या तलावाच्या गोष्टी सांगायचे. मी बसमध्ये उभी राहून पोट्ट्यायले सांगून टाकलं की पाहा, जुने लोक किती शहाणे होते, पाणी कसं जपायचं आणि वाटायचं हे त्यायले समजत होतं, आपणच प्लांट आणि मोटारी आणून बिघडवलं. तुम्ही हात वर केला नाही. मले वाटलं आज ताई माझ्या बाजूनं आहेत.

पोट्टे उतरले. बस शाळेकडं वळली. तुम्ही खिडकीतून बाहेर पाहत म्हटलं, "रेखा, तुझ्या पणज्याचा तलाव शहाणा होता. पण त्याच्या घाटावर आमाले उतरू देत नव्हते."

मग तुम्ही सांगितलं, आवाज न चढवता. तुमचं आजोळही तिकडंच, वैनगंगेच्या बाजूले. उन्हाळ्याच्या सुट्टीत माय तुमाले घेऊन जायची. तिथल्या तलावाले चांगल्या पायऱ्या होत्या, त्या तुमच्या लोकायसाठी नव्हत्या. पाळीच्या खाली, जिथं ढोरं पाणी पित, तिथं बायका भांडी घेऊन बसायच्या. आणि ती पाळ फुटली तेव्हा डोक्यावरून माती वाहायले मात्र तुमचेच लोक बोलावले होते. माती चालली, म्हटलं तुम्ही, भांडं नाही चाललं.

मग भिलाईचं सांगितलं. प्लांट उभा राहत होता तेव्हा तुमचे वडील आले. भट्टीवर लागले, क्वार्टर मिळालं. माय पहिल्यांदा आत आली आणि तिनं नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. वडील म्हणाले, बंद कर, पाणी वाया चाललं. ती म्हणाली, थांबा, पाहू द्या थोडं. तुमचा तेव्हा जन्मही नव्हता, पण ही गोष्ट तुमाले तुमच्या मायनं इतक्यांदा सांगितली होती की तुम्ही सांगताना हात तसाच पुढं केला, तोटीवर ठेवल्यासारखा. "तलावानं आमाले जात इचारली, वं. प्लांटच्या नळानं नाही इचारली. त्या प्लांटले मी वाईट म्हणू? मले एक दिवस वर्गात सांगायचं आहे हे. तू फक्त मधात हात नको वर करू."

ताई, मी तुमच्या जागी असती तर मले राग आला असता. तुम्ही रागावल्या नव्हत्या, आणि तेच मले जड गेलं. मी काय बोलायले पाहिजे होतं ते मले आजही कळत नाही. मी बोलली ते असं, की तुमच्या मायच्या नळानं धूर कमी होत नाही ताई. तुम्ही माझ्याकडं पाहिलं. मले वाटलं आता संपलं आपलं. आणि तुम्ही हसल्या. नाही होत, म्हणाल्या, तेच तर.

त्या "तेच तर" वर आपण पुढं कितीतरी महिने भांडलो. मी म्हणत होती, आधी धूर शिकवू. वायू काय, उष्णता कशी अडकते, आणि मग तुम्ही नळ सांगा. तुम्ही म्हणत होत्या, आधी नळ. भुकेल्याची, तहानलेल्याची गोष्ट आधी सांगितल्याबिगर धुराची सांगशील तर या पोट्ट्यायले वाटेल त्यायचे बाप चोर आहेत. मी म्हणायची, आणि नळ आधी सांगितला तर त्यायले वाटेल धूर माफ आहे. डब्यातली पोळी हातात तशीच राहायची. स्टाफरूमवाले उठून दुसरीकडं बसायचे. तुम्ही माझ्या डब्यातलं लोणचं उचलायच्या आणि भांडण चालूच ठेवायच्या, हे मात्र बरोबर नव्हतं.

मी तुमाले कधी सांगितलं नाही की त्या भांडणाची मी वाट पाहायची. ताई, या शाळेत येण्याआधी मी नुसतं पुस्तक वाचून दाखवत होती. लग्न, पोरगं, सासूचं आजारपण, यात मी इतकी थकलेली होती की कोणी काही विचारलं तर मले ओझं वाटायचं. तुम्ही शेवटच्या बेंचवरून हात वर करून करून मले पुन्हा विचार करायले लावलं. रात्री घरी भाजी चिरतानाही माझ्या डोक्यात उत्तरं चालू असायची. उद्या ताईले असं म्हणीन, मग त्या असं म्हणतील, मग मी असं. नवरा म्हणायचा, काय पुटपुटून राहिली? आता सांगते, मले तुमचा आधार होता. तुम्ही असताना सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, पुरे, नाटक नको करू.

आणि मग तो शनिवार, कोळशाचा. आपण आधी यावरच भांडलो होतो की कोळसा कोणाचा. मी म्हटलं विज्ञानाचा, कार्बन आहे. तुम्ही म्हटलं, अवं, एवढं जुनं जंगल जमिनीत गाडलं गेलं, याच्याहून जुना इतिहास माझ्याकडं दुसरा कोणता आहे? मी हरली आणि फळा तुमाले दिला. तुम्ही खूप सुंदर शिकवलं ताई. तुम्ही सांगितलं की सूर्याचं ऊन झाडांनी खाल्लं, झाडं मातीखाली गेली, आणि किती तरी युगं ते ऊन तिथं निजून होतं. माणसानं ते उकरलं आणि लोखंड वितळवलं. त्याच लोखंडाचे रूळ, पूल, आपल्या शाळेच्या छताच्या सळ्या. मग मी उठली आणि सांगितलं की युगांचं साठवलेलं आपण थोड्या वर्षांत जाळून राहिलो, म्हणून हवेले ते पचत नाही. तो एकच तास असा झाला की आपल्यात कोणी हात वर केला नाही. आपण दोघी खुश होतो. आणि तेव्हाच डिंपल उभी राहिली.

तुम्ही गेल्यावरच्या सोमवारी मी आठवी ब ले गेली नाही. डोकं दुखते म्हणून लॅबमध्ये बसली. मले ठाऊक होतं की तो प्रश्न तिथं बसून आहे. पूर्ण आठवडा डिंपल मले व्हरांड्यात दिसायची, नमस्ते करायची, पुढं जायची. बोरकरच्या पोट्ट्याकडून कळलं की तिनं घरी वडिलांसोबत बोलणं कमी केलं आहे. वडील शिफ्टवरून येतात, ती पाणी देते आणि आत निघून जाते. हे ऐकल्यावर मले झोप लागली नाही. आपण दोन शहाण्या बायांनी मिळून एका बापलेकीत भिंत उभी केली, आणि ती पाडायचा शब्द देऊन तुम्ही निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी गेली. पोट्टे उभे राहिले, बसले. आठवी ब इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, आज जरा मागची उजळणी करू, आणि डिंपल, तुझा जो प्रश्न होता तो आपण उद्या नीट पाहू.

ती उभी राहिली. दोन्ही हातांनी बेंच धरला होता.

"नहीं मैडम. आप अभी बताइए."

पोट्टी हट्ट करून नव्हती राहिली ताई, भिऊन राहिली होती. उद्या म्हणणारी बाई उद्या येतेच असं नाही, हे तिले आता माहीत झालं होतं. मले ते कळलं. पण रडायची ती वेळ नव्हती.

मी फळ्याकडं गेली नाही. खुर्ची ओढून तिच्या रांगेसमोर बसली आणि तुमची गोष्ट सांगितली. घाट, पाळीखालचं ढोरांचं पाणी, डोक्यावरची माती. मग भट्टी, क्वार्टर, नळ. तुमची माय कशी उभी राहून पाहत होती ते सांगितलं. तुम्ही सांगितलं असतं तसं मले जमलं नाही, पण काही गाळलं नाही. माझा पणजा कोणत्या बाजूले होता तेही सांगितलं. मी म्हटलं, तुझे पापा चुकीचं काम करत नाहीत बेटा. त्याच कामानं या गावात घराघरांत पाणी आलं, पोरी शाळेत आल्या, आणि त्यातली एक पोरगी मोठी होऊन तुमची मेश्राम मॅडम झाली. माझे बाबाही त्याच प्लांटच्या पगारावर आमाले वाढवून गेले. ज्या हातांनी एवढं दिलं त्यायले कोणी गलत म्हणत असेल तर त्याले माझ्याकडं पाठव.

मी तुमची बाजू पूर्ण ताकदीनं मांडली, ताई. मधात एकदाही "पण" म्हटलं नाही. डिंपलच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि चेहरा मोकळा होत होता. मले वाटलं झालं, तुमचा शब्द पाळला गेला. पण मले आतून बरं वाटून नव्हतं राहिलं. धुराचं कोणीच बोललं नव्हतं, आणि बोलायचं माझं तोंड मी आत्ताच तुमाले देऊन बसली होती.

डिंपलनं नाक पुसलं. मग म्हणाली, पर मैडम, धुआँ तो फिर भी है ना?

मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, पापा गलत नाहीत हे मले समजलं, पण भट्टी अशीच चालत राहिली तर आमच्या पोरायले ऊन सोसणार नाही, तुम्हीच सांगितलं होतं. मी म्हटलं, पोटाले आधी लागते बेटा. ती म्हणाली, पोट तर त्यायलेही राहील. बोरकरचा पोट्टा मधात पडला, प्लांट बंद झाला तर तुझा बाप काय करेल? ती त्याच्यावर उखडली, बंद करा कोण म्हणते, बदला म्हणते मी. कोणी हिंदीत, कोणी छत्तीसगढीत, कोणी मराठीत, सगळा वर्ग पेटला. आणि मी, जिनं तुमाले किती महिने धुरावरून छळलं, मी नळाची बाजू घेऊन घसा कोरडा करून राहिली होती. समोर माझी बाजू घेऊन माझ्यासोबत कोण भांडत होतं, तर कोक ओव्हनवरच्या माणसाची पोरगी.

घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. डिंपल म्हणाली, मी आज पापांनाच विचारते, भट्टी कोळशाबिगर चालवायचं कोणी पाहून राहिलं का. तिले म्हटलं, विचार. आधी त्यायले पाणी दे, जवळ बस, मग विचार.

काल ती येऊन सांगून गेली की पापा आणि ती जेवण थंड होईपर्यंत बोलत होते, आणि तिचं त्यायच्यासोबतही भांडण झालं. खुशीत सांगत होती. पुढच्या तासाले आणखी मुद्दे घेऊन येते म्हणाली.

तर ताई, मिटलं काहीच नाही. तुमाले मिटलेलं आवडलंही नसतं. माझ्या बाजूची काळजी आता डिंपल घेते, आणि माझ्याहून चांगली घेते. तुम्ही निश्चिंत राहा. तुमच्या बाजूनं मी भांडून राहिली.